मशिनीचं दार आनि पदराची गाठ

आमच्या मशिनीला म्होरनं गोल काच हाय. सून म्हनती, "आत्या, तुमी टीव्ही बघत न्हाय, पर ह्या काचंम्होरनं उठत न्हाय." खरं हाय ते. मी स्टूल घिऊन बसती. आत कापडं वर जात्यात, धपकन खाली पडत्यात, परत वर जात्यात. जलमभर जे मी मनगटानं केलं ते दुसरं कोनतरी करतंय आनि मी बसून बघती. ह्यापरीस आनि काय बघायचं?

माझं लगीन झालं ते मेंढरावाल्या घरात, सांगोल्याकडं. ओढा व्हता, पर त्यात पानी कुटं? वाळूत खड्डा खनायचा, झिऱ्यात पानी गोळा व्हायची वाट बघत बसायचं, मग वाटीवाटीनं घागर भरायची. आदी प्यायला, मग जनावराला, उरलं तर धुन्याला. उरायचं न्हाईच. मालकांचं धोतर आनलं त्या दिवशी पांढरं असायचं, दुसऱ्या दिवसापास्नं मातीच्या रंगाचं. कुनाला त्याचं काय वाटायचं बी न्हाय. सगळ्यांचंच तसलं.

मग मेंढरांत रोग आला. सकाळी उठावं तर आनि चार-पाच आडवी. थंडी सरायच्या आत कळप गेला. मालक म्हनले, चल सोलापूरला. हितं मार्केटात पोती वाहू लागले. एक दिस पोतं पाठीवर असतानाच छातीत कळ आली आनि खाली बसले ते उठलेच न्हाईत. पोरगं तवा रांगत व्हतं. रडाया बसले असते तर त्याला कोन बघनार? तेराव्यानंतर मी धुनी-भांडी धरली.

एका घरी सगळी पांढरीच कापडं असायची. डाक्टरचं घर व्हतं. आंगरखे पांढरे, चादरी पांढऱ्या, खिडकीचे पडदे बी पांढरे. घासायची, आपटायची, निळीत बुडवायची, पिळायची. थंडीत बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. सोडा लागला की आग व्हायची, आनि पांढऱ्यावर रगत लागू नये म्हनून बोटाला चिंधी बांधायची. लोकांचं पांढरं मी असं राखलं. आपल्या घरात पांढरं कापड येईल असं कवा मनात बी आलं न्हाय.

आनि मग आलं. माझ्या सुनंचं.

सून बारावी शिकून आलती. दोन लेकरं झाल्यावर म्हनली, "आत्या, मला नर्सिंगचा कोर्स करायचाय." पोरगा माझा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिस भाईर. मी म्हनले, "कर की. लेकरं मी बघती." केला तिनं. लेकरांना निजवायची आनि भिताडाला टेकून वाचत बसायची, वाचता वाचता मान खाली जायची. औंदा उन्हाळ्यात एका मोठ्या दवाखान्यात तिला काम लागलं. तितनं पांढरा कुडता आनि पांढरी विजार दिली. सद्या एकच जोड, दुसरा मागनं देतो म्हनले. नवं कापड, खळीनं पापडासारखं कडक, दुकानाचा वास मारतंय. ती म्हनली, धुवून इस्त्री करून घालती. दुपारी दोनला ड्युटी, पैला दिवस.

आता गाठीचं सांगती. त्याच्या दोन दिवस आदी मी गावाला गेलते, बिरोबाच्या जत्रंला. आमच्यात देवावर भंडारा उधळत्यात, म्हंजे हळद. त्याच्यासंगट सुक्या खोबऱ्याचं तुकडं बी उधळत्यात. ते भुईवर पडू द्यायचं न्हाय, बायकांनी पदर पसरून झेलायचं. मी झेललं. मूठभर भंडारा आनि खोबऱ्याचं तुकडं, पदरात गाठ मारून आनलं. मनात व्हतं, सुनंचा कामाचा पैला दिवस, तिच्या कपाळाला लावावं. आमच्यात नवं काम असंच काढत्यात. बैलाला लावत्यात, ट्रकला लावत्यात. पोराच्या ट्रकच्या चाकाला मीच लावलता.

घरी येऊन तिला म्हनले, तर ती म्हनली, "आत्या, तितं कपाळाला पिवळं चालत न्हाय. ट्रेनिंगलाच सांगितलंय, काय बी लावून यायचं न्हाय."

मी म्हनले, "बरं." गाठ तशीच ऱ्हायली. लुगडं बदललं, दांडीवर टाकलं आनि इसरून गेले.

ड्युटीच्या दिवशी सकाळी नळ आलता. आमच्याकडं नळ चार-पाच दिसांनी येतो. नळाच्या दिवशी बाई मानूस कुनाचं नसतं. सुनंनं मशिनीत आपला कुडता-विजार घातली, संगट एक पांढरी चादर, बस. दार लावलं, साबन घातला आनि खाली टाकी भराया पळाली. जाता जाता म्हनली, "आत्या, मी टाकीला पाइप लावती, तुमी मशीन चालू करा." बटन कुटलं ते मला येतं.

मी बघितलं, आत निम्मी मशीन मोकळी. एवढं पानी घेनार आनि तीन कापडं धुनार? पानी परत कवा येनार? माझं जत्रंचं लुगडं दांडीवर, धुळीनं भरलेलं. जुनं लुगडं, त्याचा रंग जायचा तेवढा कवाच गेलेला. मी ते घेतलं, आत कोंबलं, दार लावलं, बटन दाबलं. स्टूल घिऊन बसले.

जरा येळानं काचंवर गुलाबी पानी आलं. मी म्हनले, ऊन पडलं असंल काचंवर. मग ते गुलाबीचं तांबडं झालं. मग पार कुंकू कालवल्यागत. कापडं वर-खाली, वर-खाली, आनि तांबडा फेस. आनि तेवढ्यात मशीन गुर्रर्र करून कन्हली आनि थांबली. वरच्या काळ्या पट्टीवर अक्षरं उघडझाप कराया लागली. पानी निम्म्या काचंपतूर तसंच उभं.

दार वढलं, तर न्हाय. कडी हालंना.

खालच्या मजल्यावरची शेजारीन घागर घिऊन जिन्यात व्हती. तिच्या घरात माग हायेत, चादरीचं. तेलुगू बाई, माझ्याच उमरीची, तिला मी आक्का म्हनती आनि ती मला आक्का म्हनती. माझी हाक ऐकून आत आली आनि काच बघून घागर खालीच ठेवली.

"अय्यो! आक्का, कुनाला कापून टाकलं की ओ आत?"

"गप बाई. सुनंचा डिरेस हाय त्यात. आजचा."

"पांढरा?"

"व्हय."

तिनं पदर तोंडाला लावला.

सून वर आली ती भिजलेली, हातात पाइप. तिनं काच बघितली. मग दांडी बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

"आत्या, लुगडं घातलं?"

"घातलं."

"गाठ सोडलीती?"

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. सोडाखाराचं पानी हळदीला लागलं की तांबडं व्हतं, हे मला का ठावं न्हाय? हळदीच्या कापडाला साबन लावल्यावर काय व्हतं ते सगळ्याच बायकांना ठावं. पर ते बादलीत. काचंच्या आत म्हनून वळखू आलं न्हाय.

"न्हाय सोडली," मी म्हनले.

ती कडी धरून वढाया गेली, आक्कानं तिचा हात धरला. "तोडशील गं! दम धर. मिस्त्रीला लाव फोन."

मिस्त्रीला फोन लावला. तो अक्कलकोटला कुनाची तरी मशीन खोलून बसलेला. म्हनला, उद्या येतो. सुनंनं त्याला सांगितलं, दादा, माझा आज पैला दिवस हाय, ड्युटीचा डिरेस आत हाय. तो भला मानूस, म्हनला, "फोनवर सांगतो तसं करा. आदी प्लग काढा. पानी आत हाय तवर दार सोडनारच न्हाय ती. सोडलं तर सगळं घरात येईल की. खाली कोपऱ्यात बारकं झाकन हाय का बघा. त्याच्या आत गोल बूच हाय. हळू फिरवा, पानी येईल. बादली बसायची न्हाय, परात लावा."

झाकन भुईच्या अगदी जवळ. सून पालथी झोपली फरशीवर. बूच जरा फिरवलं की पानी परातीत, परात भरली की बूच घट्ट, परात माझ्याकडं, मी आक्काकडं, आक्का मोरीतल्या बादलीत. परत दुसरी परात. तांबडं पानी, फेसाचं. बादली भरली, आक्का ती गटारात वतायला निघाली तर मी म्हनले, "टाकू नको गं. संडासाला व्हईल."

"घर बुडालं तरी तुमी पानीच मोजा," आक्का म्हनली. "आक्का, हे मशीन हाय का पोलीस कोठडी? कापडं बी जामिनावर सोडायची?"

सून हसली न्हाय. मी बी न्हाय.

शेवटची परात झाली, सुनंनं बूच पुरतं काढलं आनि आत बोटं घातली. पोचट झालेलं, फुगलेलं खोबऱ्याचं तुकडं हातात आलं. एक, मग आनि एक. तेच आत पानी भाईर फेकनाऱ्या पंख्यात अडकून बसलं व्हतं. पानी जाईना ते त्याच्यानं. तळहातावर घिऊन ती भुईवरच बसली.

"आत्या," ती म्हनली, "आज पैला दिवस हाय माझा."

एवढंच. वरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तुझ्यासाठीच आनलं व्हतं म्हनले असते तर तिला आनि ओझं. मी ते खोबरं तिच्या हातातनं घेतलं आनि देवापुढं, भंडाऱ्याच्या वाटीशेजारी ठेवलं.

पानी गेलं, पर दार काय सोडंना. प्लग लावला, काढला. थांबलो, परत बघितलं. कडी तशीच. सून घड्याळाकडं बघाया लागली. परत मिस्त्रीला फोन.

"मग लॉक अडकलाय," तो म्हनला. "घरात बारीक पर मजबूत दोरा हाय का? शिवायचा नको, तुटतो."

सून म्हनली, "दोरा कसला?"

आक्का उठलीच. "सोलापुरात दोरा इचारती व्हय?" खाली गेली, आनि चादरीच्या सुताची अख्खी लडी घिऊन आली. लाल सूत. दोन पदर केले, मांडीवर पीळ दिला, बोटानं ताणून बघितलं. दार आनि मशीन यांच्या मधल्या फटीत ते सूत घालायचं, कडीच्या अंगानं, असं मिस्त्री सांगत व्हता. सुनंनं व्हिडिओ लावून फोन तिकडं धरला, म्हंजे त्याला दिसावं.

"मावशी, वरनं घाला. आता खालनं. आता दोन्ही टोकं धरा आनि कडीकडं वढा. हिसका देऊ नका, सारखं वढा."

वरचं टोक आक्कानं धरलं, खालचं मी. दोघी म्हाताऱ्या, दोन अंगाला पाय रोवून. सूत काचलं बोटाला. माझी बोटं तसलीच हायेत, त्यांना काचल्याचं काय.

"वढ आक्का!"

"वढती की! तू वढ!"

"दोघी संगट वढा, भांडू नका," मिस्त्री फोनमधनं.

टक् झालं. दार इतभर उघडलं आनि आक्का मागं भिताडावर गेली. तिकडनं मिस्त्री म्हनला, "आवाज आला! झालं ना?" आनि मग सून हसली. सकाळधरनं पैल्यांदा.

कापडं भाईर काढली. चादर, लुगडं, कुडता, विजार. विजार बरी व्हती. कुडत्यावर तांबडं-पिवळं ढग, पाठीवर एक मोठा, म्होरं दोन, आनि खिशावर तर भंडारा गोळाच व्हऊन बसलेला.

मी कुडता घेतला आनि मोरीत बसले. सून म्हनली, "आत्या, तुमी ऱ्हाऊ द्या." मी म्हनले, "सर बाजूला." तांबडं सगळं निघालं, पिवळं ऱ्हायलं. परत घासलं, परत पिळलं. पिवळं ऱ्हायलंच. पर हळदीला ऊन खातं हे तिघींना बी ठावं. कुडता घिऊन तिघी गच्चीवर गेलो.

सोलापूरचं ऊन. उभ्या जलमात ह्या उनाला मी किती शिव्या घातल्या त्याचा हिशेब न्हाय. पाय भाजले, मेंढरं तडफडली, पान्याचा थेंब आटवला ह्यानं. त्या दिवशी मात्र मी त्याला म्हनले, बाबा, आज काय तुझा जोर दाखवायचा तो दाखव. दोरीवर न्हाय, फरशीवर घरातली दुसरी धुतलेली चादर आंथरली आनि त्यावर कुडता पसरला. वाळला की पानी शिंपडायचं, उलटायचा. टाकीच्या बारक्या सावलीत तिघी दाटीनं बसलो. आक्कानं घरातनं भाकरी आनि शेंगाचटनी आनली. सून एक घास खायची आनि उठून कुडता बघायची.

"गेलं का?"

"जरा गेलं."

"बस गं. बघून बघून न्हाय जात ते."

घास खाता खाता सून म्हनली, "आत्या, तुमी ते खोबरं माझ्यासाठी आनलतं न्हवं?"

मी चटनी वाढली तिला. "खा. येळ व्हतोय."

पाठीवरचा ढग गेला. म्होरचं बी गेलं म्हनावं असं. खिशाला कापड दुहेरी, तितं पिवळट ऱ्हायलं, लिंबाच्या सालीएवढं. दुसरा डिरेस न्हाय, वाट बघाया येळ न्हाय. तिनं इस्त्री केली, कुडता घातला आनि आरशापुढं उभी ऱ्हायली.

"दिसतंय का?"

आक्का म्हनली, "काय बी दिसत न्हाय."

मी म्हनले, "दिसतंय. जरा."

तिनं त्या खिशावर हात ठेवला, आनि पिशवी घिऊन गेली. रिक्षाचा आवाज गेल्यावर मी जिन्यातच बसले. आक्कानं च्या करून आनला. म्हनली, "दवाखान्यातली लोकं लगीच काढत असतील का ओ कामावरनं?" मी म्हनले, "मला काय ठावं." तिची लडी गुंडाळून देत बसले. गुंता झालता, सोडवाया बरं वाटलं.

सांच्याला चहाच्या सुट्टीत तिचा फोन आला. मी कानाला लावला तर आदी नुसताच गलबला.

"काय झालं गं? बोलली का कोन?"

"बोलल्या की. मोठ्या सिस्टरबाई लई बोलल्या. सगळ्यांच्या म्होरं."

"डागावरनं?"

"डाग कुनी बघितला बी न्हाय, आत्या! पायात चपला घातल्या म्हनून बोलल्या. पांढरं बूट पायजेत म्हनं. आपुन सकाळधरनं कुडताच धरून बसलो, पायाकडं बघितलंच न्हाय कुनी!"

ती तिकडं हसाया लागली आनि मी हितं. आक्का इचारती, काय झालं, काय झालं, आनि मला सांगताच येईना. मग सांगितलं तर आक्का म्हनली, "एवढं सूत वढलं माझं, आनि पायात चप्पल?"

दुसऱ्या दिवशी बूट आले. मिस्त्री बी येऊन गेला, कडी नवी बसवली, आनि च्या पिताना म्हनला, "त्या दोन मावश्या कुटल्या ओ, वढनाऱ्या?" आक्कानं गच्चीवरनं वरडून सांगितलं, "हितं हाय एक!"

आता धुनं टाकायचं म्हनलं की सून मशिनीपुढं उभी ऱ्हाती, एसटीतल्या कंडक्टरगत. "आत्या, पदर दाखवा." मी दाखवती. कवा सुपारी निघती, कवा लवंग, कवा नातीचं चॉकलेट. सगळं काढून ठिवती. मग ती ड्युटीला जाती आनि तिची कापडं मी टाकती. पांढरी एकटीच टाकती, पानी किती का लागंना.

गेल्या आठवड्यात तिचा कुडता टाकायच्या आदी मी बी खिसा चाचपला. तोच खिसा, अजून जरा पिवळट हाय तो. आत कागदाची बारकी पुडी. कसलं औषध म्हनून उघडली, तर भंडारा. चिमूटभर. माझ्या देवापुढच्या वाटीतला, वासावरनं कळला मला.

तिनं मला सांगितलं न्हाय, मी बी इचारलं न्हाय. पुडी काढून फळीवर ठेवली. कुडता धुतला, वाळवला, इस्त्री झाल्यावर पुडी परत खिशात घातली, नीट घडी घालून. मग स्टूल घिऊन बसले. चादरी टाकल्या व्हत्या आत, वर जात्यात, धपकन खाली पडत्यात. पानी पांढरं सपेत व्हतं.